अवरेकाईचे दिवस आणि ‘बंतु-दोन’

समस्त सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला अवरेकाई आलेली आहे. तरी सर्वांनी हातातली कामे टाकून, मजबूत पिशव्या घेऊन तत्काळ हजर व्हावे. साखरपुडे पुढे ढकलावेत. ऑफिसातल्या मीटिंगा रद्द कराव्यात. त्या तशाही त्याच लायकीच्या असतात. ज्यांना वास येत नाही त्यांनी मात्र येऊ नये. त्यांचा इथे काही उपयोग नाही.

वासाची अट मी घातलेली नाही, अवरेकाईनेच घातली आहे. ही आपल्या पावट्याची बंगळुरी बहीण. थंडीचे दोन महिने येते, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर हिरवी टेकडी होऊन बसते आणि सगळ्या गल्लीला आपल्या वासाने ताब्यात घेते. शेंगेला हात लावला की बोटं तेलकट चिकट होतात, आणि तो उग्र वास आंघोळीलाही दाद देत नाही. त्या वासाला इथे सोगडु म्हणतात. सोगडु नसलेली अवरेकाई उचलणारा माणूस कालच बंगळुरात उतरला असं खुशाल समजावं. काल माझ्यासमोरच एका गृहस्थाने स्वच्छ, चकचकीत, निर्गंध शेंगा वेचून पिशवीत भरल्या आणि वर विकणारीला विचारलं, “ताज्या आहेत ना?” त्या बाईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखते. पंचवीसहून अधिक वर्षं मी त्याच नजरेवर पगार घेते.

माझं काम कोड वाचायचं. लिहायचं नाही, वाचायचं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या गाभ्याला बाहेरच्या वस्तूंशी, म्हणजे पडद्याशी, कॅमेऱ्याशी, एखाद्या बारक्या सेन्सरशी बोलायचं असलं की मधे एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आमची कंपनी चिप बनवते, आमची माणसं त्या चिपसाठी ड्रायव्हर लिहितात आणि ते जगासमोर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात. मी ते वाचते आणि लिहिणाऱ्याला त्याची जागा दाखवते. आम्ही ज्या कर्नलसाठी काम करतो तो सगळ्या जगाला खुला आहे. त्यात गेलेल्या प्रत्येक बदलाखाली ओळी असतात: हे कोणी लिहिलं, कोणी वाचलं, कोणी चालवून पाहिलं. नावासकट. ती नावं कधीच पुसली जात नाहीत. माझं नाव अशा कित्येक ठिकाणी आहे, आणि सगळीकडे एकाच ओळीत: वाचलं. ‘चालवून पाहिलं’ या ओळीत मी काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यापर्यंत कधी नाव घातलं नव्हतं. ते हमालीचं काम, असं मी समजत असे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते एकदा सांगून मोकळी होते. दहातले नऊ जण लिहीतच नाहीत, उचलतात. दुसऱ्या कुठल्या तरी चिपचा ड्रायव्हर उचलायचा, नाव बदलायचं, आणि चालला की आनंदाने घरी जायचं. मागच्या मालकाच्या खुणा तशाच राहतात. मी एकदा उष्णता मोजणाऱ्या चिपच्या ड्रायव्हरमधे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं कलम वाचलं आहे. एकदा ‘याला हात लावू नका’ अशी इशारेवजा टीप आढळली. लिहिणाऱ्याला शोधून काढलं तर तो म्हणाला, ती आधीपासूनच होती, म्हणून मीही हात लावला नाही. आणि हे लोक लिहितात तरी बरे. यांचे कोड वाचणारे त्याहून थोर. चार हजार ओळींवर चार मिनिटांत ‘मला ठीक वाटतं’ असं लिहून चहाला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात मी चार हजार अवरेकाईचे दाणेसुद्धा नीट बघणार नाही.

दाण्यांवरून आठवलं. अवरेकाई आणली की काम संपत नाही, सुरू होतं. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरून दाबायचा. टरफल हातात राहतं आणि आतली डाळ सुळकन उडते. नेम चुकला तर समोरच्याच्या चष्म्यावर जाते. याला हितकिद अवरे म्हणतात, दाबून काढलेली अवरे. आमच्याकडे हे काम दिगंबर करतो. दिगंबर म्हणजे माझा नवरा. त्याचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या आहे की त्याच्या मराठीला कानडीची फोडणी बसली आहे. मी निपाणीची, म्हणजे सीमेवरची, पण त्याच्यापुढे माझं मराठी पुणेरी वाटतं. त्याचं चिकपेटेत बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांचं दुकान आहे. संध्याकाळी तो पातेलं मांडीशी घेऊन बसतो, एक दाणा दाबतो, एक गोष्ट सांगतो. त्याचा दाणा कधीच माझ्या चष्म्यावर येत नाही. माझा मात्र दर वेळी त्याच्या कपाळावर जातो.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच वास होता आणि माझ्या टेबलावर एकच ड्रायव्हर.

चिप होती दाब मोजणारी, तांदळाच्या दाण्याएवढी. एका गिऱ्हाईक कंपनीला ती सलाईनच्या पंपात बसवायची होती. नळी कुठे दबली, पिळली, पेशंट अंगाखाली घेऊन झोपला, तर नळीतला दाब वाढतो, चिपला ते कळतं आणि पंप ओरडतो. चिप आणि पंप यांच्यामधला दुभाषा लिहायचं काम हिरेमठ यांच्याकडे आलं होतं.

हिरेमठ चिकोडीकडचे. पंचेचाळिशीतले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आधीच्या कंपनीने बंगळुरातला सगळा विभागच बंद केला तेव्हा त्यांची नोकरी गेली. जवळजवळ वर्षभर घरी होते. आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते: काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. मुलगी दुसऱ्या पीयूला, म्हणजे बारावीला. हे सगळं त्यांनी मला एकदाच, चहाच्या टपरीवर, कपातल्या चहाकडे बघत सांगितलं आणि परत कधी काढलं नाही. मीटिंगमधे ते तोंड उघडत नसत. इंग्रजीत विचारलं की मान हलवत. मी निपाणीची म्हणून मला मात्र अक्का म्हणत, आणि आम्ही दोघंच असलो की त्यांच्या तोंडी आमच्याकडची मराठी येई, ज्यात ‘मी काम केलो’ असं म्हणतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्यांचा ड्रायव्हर मी उघडला आणि माझा सण सुरू झाला.

मी हे लपवत नाही. वाईट कोड वाचताना मला फार आनंद होतो. खुर्चीत मांडी घालते, चष्मा पुसते, फ्लास्कमधली कॉफी ओतते. हिरेमठ यांच्या कोडमधे पहिल्याच पानावर रिकाम्या जागा चुकीच्या होत्या. आमच्या धर्मात ओळ आत सरकवायची तर टॅबने, आणि तो टॅब आठ अक्षरांचा. त्यांनी चार अक्षरांचा घातला होता. मी एकोणीस ठिकाणी लाल खूण केली. नावं लांबलचक होती, त्यावर खूण. एका टिपेत कानडी ढंगाचं इंग्रजी होतं, तिच्यावर खूण आणि एक कुजका शेरा. आणि मग आले ते संदेश.

ड्रायव्हर लिहिताना तो कुठवर पोचला हे कळावं म्हणून लोक मधे मधे संदेश छापतात. काम झालं की ते पुसायचे असतात. स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसतात तसं. हिरेमठ यांनी ओटा पुसलाच नव्हता. पानोपानी, इंग्रजी अक्षरांत, कानडी संदेश: ‘इल्ली’, म्हणजे इथे. ‘बंतु’, म्हणजे आलं. ‘बंतु-दोन’. ‘मत्ते बंतु’, म्हणजे परत आलं. ‘होय्तु’, म्हणजे गेलं. जगभरातले लोक ज्या गाभ्यात डोकावतात तिथे एक चिप येतेय, जातेय, परत येतेय, चिकोडीच्या एसटी स्टँडवर उभं राहिल्यासारखं. मी इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं. मग मी सगळ्या खुणांच्या वर एक शेरा लिहिला. इंग्रजीत लिहिला, पण त्याचं मराठी एवढंच होतं: हा सगळा कचरा काढा.

आता मला त्या दिवसांचं काय काय आठवतं. काचेवर सकाळचं धुकं. खाली रस्त्यावर स्वेटर घातलेले रिक्षावाले. ऑफिसच्या लिफ्टमधेसुद्धा माझ्याच बोटांना येणारा सोगडु. आणि केतनचा आवाज. केतन पुण्याचा, वय वर्षं बत्तीस, प्रोजेक्टचा मॅनेजर. त्याच्या स्लाइडमधे बाण असतात. बाण हिरवे असतात तोवर केतन माणसांशी गोड बोलतो. “ताई, बेसिकली आपल्याला फक्त तुमचं नाव हवंय,” तो माझ्या टेबलाच्या कडेवर बसत म्हणाला. “गुरुवारी डेमो आहे. रिव्ह्यू एव्हाना क्लोज व्हायला हवा होता.”

“माझं नाव काय नारळ आहे का, फोडायला?” मी म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

बुधवारी दुपारी टपरीवर हिरेमठ भेटले. त्यांनी माझ्या सगळ्या खुणा एकेक करून पुऱ्या केल्या होत्या. टॅब आठचे केले होते. संदेश झाडून काढले होते. मी खूश होते. मी कोणाला तरी सुधारलं होतं.

“तेवढं एकदा बोर्डावर चालवून बघतो की, अक्का,” ते म्हणाले. “बोर्ड केतननं पॅक केलाय. सोडवून घेऊन येतो. तासाभराचं काम.”

केतनने तो बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली चाचणीची पट्टी, खरोखरच फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमधे गुंडाळून, वर रिबीन बांधायची तेवढी ठेवून, डेमोच्या खोक्यात घातला होता. ते खोकं सोडवायचं म्हणजे केतनशी बोलायचं. मी कप खाली ठेवला आणि एक वाक्य बोलले. त्या वाक्याचा साक्षीदार टपरीवाला सोडून कोणी नाही, आणि त्याला मराठी येत नाही. मी म्हणाले, “चार बडबडीच्या ओळी पुसल्या तर काय आकाश कोसळतंय? नको चालवून बघायला. मी वाचलंय.”

हिरेमठ यांनी मान हलवली. मी वर गेले आणि त्यांच्या बदलाखाली माझं नाव घातलं.

गुरुवारची सकाळ. बोर्ड पंपाला जोडून त्यावर माझ्या नावाचा नवा ड्रायव्हर नुकताच चढवला होता. डेमोच्या खोलीत टेबलावर पंप, स्टँडला सलाईनची बाटली, बाटलीत कोकमासारखं लाल पाणी, कारण साधं पाणी केतनच्या फोटोत दिसलं नसतं. पडद्यावर दाबाचा आकडा: शून्य. नळी मोकळी असली की दाब जवळजवळ शून्यच असतो, तेव्हा सगळे समाधानी. गिऱ्हाइकाकडून एक उंच बाई आल्या होत्या, हॉस्पिटलच्या यंत्रांची दुरुस्ती करत आयुष्य घालवलेल्या. त्यांनी केतनच्या पहिल्या तीन स्लाइड सहन केल्या. मग पर्समधून कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा काढला आणि सरळ नळीला लावला.

लाल पाणी थांबलं. आम्ही पंप ओरडायची वाट बघत राहिलो. पडद्यावर शून्य. नळी चिमट्याच्या वर फुगायला लागली. शून्य. केतनने पडद्यावर टिचकी मारून पाहिली. त्याचा यंत्रशास्त्राचा अभ्यास तिथवरच झालेला होता. बाईंनी घड्याळ पाहिलं, चिमटा काढून परत पर्समधे टाकला, पर्सची चेन लावली. त्या चेनचा आवाज मला अजून येतो.

काय झालं होतं ते त्याच संध्याकाळी कळलं, आणि सांगायला अगदी सोपं आहे. चिप बॅटरी वाचवण्यासाठी दोन मोजण्यांमधे झोपते. तिला उठवलं की पूर्ण जागं व्हायला काही हजारांश सेकंद लागतात. तिच्या पुस्तिकेत लिहिलं आहे: उठवा, ‘जागी झालीस का’ विचारा, मग मोजमाप घ्या. हिरेमठ यांनी विचारलंच नव्हतं. पण उठवणं आणि मोजमाप घेणं यांच्या बरोबर मधे त्यांनी एक संदेश छापला होता, ‘बंतु-दोन’. तो एका संथ तारेवरून बाहेर जायचा, आणि तो अक्षर-अक्षर जाईपर्यंत चिप डोळे चोळून बसती व्हायची. रोज, दर वेळी, त्या एका कानडी शब्दामुळे पंप चालत होता. मी तो शब्द पुसायला लावला. झोपेतल्या चिपला हलवून लगेच प्रश्न विचारला, तर ती शून्यच म्हणणार. मीही पहाटे तेच म्हणते.

म्हणजे चूक त्यांच्या कोडमधे होती. पण ती सापडावी म्हणून मला पगार मिळतो. पुस्तिकेचं ते पान मला तोंडपाठ आहे. अशा चिपा मी शंभर पाहिल्या आहेत. ‘जागी झालीस का’ हा प्रश्न गायब आहे हे पहिल्या वाचनात दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी चार अक्षरांचे टॅब मोजत होते. हसत होते. कॉफी पीत होते.

शुक्रवारी अकराला मीटिंग ठेवली. विषय: मूळ कारण. हिरेमठ यांचे सहा महिने त्याच आठवड्यात भरत होते, आणि कायम करायचं की नाही ते त्याच मीटिंगनंतर ठरणार होतं. नोंदी सगळ्या उघड्या होत्या. शेवटचा बदल कोणाचा: हिरेमठ. बदलानंतर चालवून पाहिला: नाही. वाचला: मी. पण वाचणाऱ्याने फक्त वाचायचं असतं, नियमाने माझ्यावर काही येत नव्हतं. टपरीवरचं वाक्य कुठल्याच नोंदीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी दिगंबरला सगळं सांगितलं. तो दाणे दाबत होता. मी तावातावाने बोलत होते: पुस्तिका वाचत नाहीत, उचलेगिरी करतात, ओटा पुसत नाहीत, आणि मग माझं पंचवीस वर्षांचं नाव.

“स्वल्प थांब,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक बिजागरी मागतं तेव्हा मी काय करतो?”

“भाव वाढवून सांगतोस.”

“त्याच्याआधी. उघडतो, मिटतो. दहादा. नंतर देतो. डब्यावर काय छापलंय ते मी वाचतो काय?” एक डाळ सुळकन पातेल्यात गेली. “तू उघडून बघितलीस?”

“त्याचं ते काम होतं.”

“तो करतो म्हणत होता ना पण.”

मी उठले आणि उगाचच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. परत आले तेव्हा तो म्हणाला, “उद्या सांगून टाक. सरी? ठीक?” जणू दुकानाची किल्ली कुठे ठेवली ते सांगायचं होतं.

मी सांगणार होते. मी भाषणसुद्धा बसवलं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. त्यात सुरुवातीला एक विनोद होता, मधे माझ्या पंचवीस वर्षांचा ओझरता उल्लेख होता आणि शेवटी असं उदार कबुलीचं वाक्य होतं की ऐकणाऱ्यांनी माझ्या मोठेपणाने गहिवरून जावं. नाटकात काम करायची हौस मला शाळेपासून आहे.

यंदाही ते भाषण मला येतं. काल शेंगा निवडताना आठवत होते. मधे तीन थंड्या गेल्या. माझ्या टेबलावर आता एक उघडा बोर्ड असतो, तारा लोंबत असलेला, धुळकट, आणि मी एकही ड्रायव्हर त्याच्यावर चढवल्याशिवाय नाव घालत नाही. तुच्छता कमी झालेली नाही, कोणी तशी अफवा पसरवू नये. परवाच एकाच्या कोडमधे मला स्वतःचाच जुना शेरा सापडला, त्याने तो ड्रायव्हरबरोबर उचलून आणला होता, मूळ लिहिणाऱ्याने मला उद्देशून घातलेल्या शिव्यांसकट. मला दिवसभर पुरला. केतनचे बाण आता निळे झालेत. आणि माझ्यासमोरच्या टेबलावर खिशाला दोन पेनं लावलेला एक माणूस बसतो, जो अजून ‘बंतु’ छापतो, मग पुसतो, मग चालवून बघतो आणि मगच माझ्याकडे पाठवतो. पाठवताना विचारतो, “बघता काय अक्का, का सण साजरा करता?” थंडीत त्याच्या गावाकडून भाजी आली की एक पिशवी माझ्या खुर्चीखाली असते. लिफ्टमधे आता आम्हा दोघांच्या बोटांना वास येतो आणि पुण्याची माणसं जरा लांब उभी राहतात.

पण ती मीटिंग. लांब टेबल, नऊ माणसं, वर प्रोजेक्टरची घरघर. आमच्या डायरेक्टरबाई टोकाला बसल्या होत्या. चेन्नईच्या, कमी बोलणाऱ्या, प्रत्येकाला पुरता बोलू देणाऱ्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. केतनने स्लाइड लावली. लाल बाण. बाणाच्या टोकाला लिहिलं होतं, ‘बदलानंतर चाचणी नाही’, आणि त्याखाली हिरेमठ यांचं नाव, जरा मोठ्या अक्षरांत. हिरेमठ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते. बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही चालवून का पाहिलं नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपण लावलं आणि मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो नव्हता, नाही नव्हता. अकरा महिने घरी बसलेल्या माणसाची ती मान होती.

मग बाईंनी मला विचारलं.

मी भाषण सुरू केलं. पहिला विनोद गळून पडला. पंचवीस वर्षं मात्र आली, ती कशी कोण जाणे बरोबर वेळेवर आली. आणि त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते मी आयुष्यभर ज्या लोकांची टर उडवली त्यांचं होतं. ‘प्रक्रियेत काही त्रुटी राहून गेल्या,’ मी म्हणाले. ‘एक टीम म्हणून आपण सर्वांनी शिकायला हवं.’ मी ते ऐकत होते. चार मिनिटांत ‘मला ठीक वाटतं’ लिहून चहाला जाणारी ती बाई मीच होते, फक्त साडी बरी होती. केतन जोरात मान डोलवत होता. केतनला माझं बोलणं पटतंय, याहून मोठी नाचक्की माझी आजवर झालेली नाही.

तेव्हा टोपणाचा आवाज थांबला. हिरेमठ बोलले. सहा महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदा, बरंच मोठ्याने, आणि मराठीत. त्यांना मराठीत बोलायचं नव्हतं, ते तसंच बाहेर पडलं. खोलीत मराठी समजणारे आम्ही तिघं. हिरेमठ स्वतःच दचकले. केतन छताकडे बघायला लागला, जणू तिथे नवा बाण उगवला होता. बाईंनी मला विचारलं, ते काय म्हणाले?

दुभाष्याचं काम मी पंचवीस वर्षं तपासत आले होते. स्वतः कधी केलं नव्हतं. बदलायला वाव होता, कोणाला कळलं नसतं. दोन शब्द मऊ केले असते तरी पुरलं असतं. मी उभी राहिले आणि सगळं भाषांतर केलं, एक शब्द न गाळता, अगदी तो माझाच शेऱ्यातला शब्दसुद्धा. बाई म्हणाल्या, हे खरं आहे? मी म्हणाले, खरं आहे, टपरीवर, बुधवारी, मी. मग दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ‘जागी झालीस का’ हा प्रश्न त्यांच्या कोडमधे घातला, केतनने परत गुंडाळलेला बोर्ड मी स्वतः सोडवला, नळीला चिमटा लावला आणि पंप असा किंचाळला की कँटीनमधून माणसं आली. गिऱ्हाइकाच्या त्या उंच बाई पुढच्या आठवड्यात परत आल्या, तोच चिमटा घेऊन. हिरेमठ कायम झाले. जगाकडे गेलेल्या त्या ड्रायव्हरखाली ‘लिहिलं’ या ओळीत त्यांचं नाव आहे आणि ‘चालवून पाहिलं’ या ओळीत, पहिल्यांदाच, माझं.

हे सगळं मी आधीच सांगून टाकलं, कारण शेवटी मला मधे यायचं नाही. भाषांतर कितीही प्रामाणिक असलं तरी सोगडु मूळ शेंगेलाच. त्या दिवशी, लाल बाणाखाली, माझ्या भाषणाच्या ऐन मधे हिरेमठ जे बोलले ते असं:

“अक्का, चालवून बघतो म्हणालो तर तुम्हीच नको म्हणालासा, माझा कचरा चालत होता की वो.”